सरासरी बारा पॉइंट दोन

शकीलभाई,

तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले, काल तुमचा चाळीसावा झाला. मी अकोल्याला येऊन गेले, तुमच्या घरी जेवले, आणि आज सकाळी अमरावतीला आमच्या तंत्रनिकेतनच्या प्रयोगशाळेत, तुम्ही बसायचे त्याच स्टुलावर बसून हे लिहिते आहे. काल काय झालं ते शेवटी सांगेन. मी कधी मधूनच गोष्ट सुरू केली की तुम्ही हातातला पाना खाली ठेवून म्हणायचे, "मॅडम, इंजिनाच्या आधी डबे नका लावू." म्हणून क्रमानं सांगते.

तुमची माझी ओळख एका मेलेल्या बॅटरीमुळे झाली. कॉलेजच्या छोट्या रोबोची बॅटरी घेऊन मी तुमच्या अकोल्याच्या बॅटरीच्या दुकानात आले होते. माझ्या मीटरवर बारा पॉइंट सहा दिसत होते, आणि तरी रोबो चार पावलं चालून बसत होता. तुम्ही मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. ट्रकच्या हेडलाइटचा एक बल्ब दोन वायरींनी तिला जोडला, आणि तो बल्ब लाल होऊन मिणमिणत विझला. "मीटरले काय इचारता?" तुम्ही म्हणालात. "त्याच्या डोक्यावर ओझं कुठं हाये? ओझं ठेवा, मंग पाहा कोणात किती दम हाये." मला राग आला होता. बारा वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या बाईला एक बॅटरीवाला बल्ब दाखवतो म्हणजे काय. पण बॅटरी तुम्ही बदलून दिलीत आणि रोबो चालला, तेव्हा राग गिळला.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती आणि माणसं तिच्यात शिरून, अंगावर येईल ते घेत, फवारत होती. गावागावातून कुणी ना कुणी दवाखान्यात. तुमचा चुलतभाऊ आठ दिवस तिथे होता. तो घरी आला त्या आठवड्यात तुम्ही पहिल्यांदा आपणहून अमरावतीला आलात आणि माझ्या टेबलावर कागद ठेवला. पिकाच्या दोन तासांमधून, दोन ओळींमधून, चालणारी चार चाकांची गाडी, वर टाकी, मागे पंप. "माणसाच्या जागी हे गेलं पाह्यजे," म्हणालात. "लोखंड मी पाहतो, बटरी मी पाहतो. डोकं तुमी पाहा."

डोकं मी पाहिलं. तेच सांगायला बसले आहे.

सी भाषेत लिहिलेला तो कोड फार मोठा नव्हता. त्यातला मला सर्वात आवडणारा भाग बॅटरी पाहणारा होता. प्रोसेसर सारखं व्होल्टेज मोजायचा, ते अकरा पॉइंट एकच्या खाली गेलं की चाकं थांबवायचा, पंप बंद करायचा आणि बझर वाजवायचा. पहिल्या आठवड्यातच तक्रार आली. पंप सुरू झाला की व्होल्टेज क्षणभर खाली जायचं आणि बझर बोंबलायचा. शेतकरी वैतागले. एकानं तर बझरवर चिकटपट्टी लावली. मी म्हटलं, सोपं आहे. एका मोजणीवर विश्वास ठेवायचाच नाही. चौसष्ट मोजण्या घ्यायच्या, बेरीज करायची, चौसष्टानं भागायचं आणि त्या सरासरीकडे पाहायचं. दोन ओळी बदलल्या आणि बझर गप्प झाला. पडद्यावरचा आकडाही कसा स्थिर, शांत दिसायला लागला.

तुम्हाला ते पटलं नाही. "तो गचका काहून पुसला?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, तो नुसता गोंधळ आहे, त्याला काही अर्थ नसतो. तुम्ही म्हणालात, "मॅडम, तोच तर ओझ्याखालचा आकडा हाये. बाकी सारे रिकामे बसल्याचे." मी फळ्यावर सरासरीचं गणित मांडलं. तुम्ही ते पूर्ण ऐकून घेतलंत आणि मग विचारलंत, "दोन बैलांतला एक लंगडा असला, तर सरासरीनं गाडी दीड बैलावर चालते काय?" मी हसले. तुम्हीही हसलात. वाद तिथेच राहिला, कारण चहा आला. नंतर पुन्हा कधी काढू म्हणून आपण तो ठेवून दिला, आणि तशा सहा गाड्या शेतांवर गेल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण दोघं चांदूर बाजारच्या अलीकडे सुमनकाकूंच्या शेतावर होतो. पहिली गाडी त्यांनीच घेतली होती. शेत त्या स्वतःच पाहतात, मुलगा पुण्याला असतो. गाडीचा रिमोट त्यांनी दोन दिवसांत शिकून घेतला आणि तिचं नाव ठेवलं फवाऱ्या. त्या दिवशी खांदशेकणी होती. काकूंनी बैलांच्या खांद्यांना पळसाच्या पानानं लोणी-हळद चोळली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणाल्या, आणि वाटी घेऊन गाडीपाशी आल्या. "अन् याचे खांदे कुठं हायेत? वर्षभर हाही राबलाच नं." तुम्ही बॅटरीच्या डब्याचं झाकण उघडून दोन टोकं दाखवलीत, एक लाल, एक काळं. "हे दोन." काकूंनी दोन्ही टोकांना घरचं लोणी चोळलं, मनापासून, वायरीच्या बेचक्यांत शिरेपर्यंत.

घामाच्या बोटानं टोकाला हात लावला तर मला रागावणारे तुम्ही. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही हळूच म्हणालात, "लावू द्या. आवतन कोणी पुसते काय? पोळा झाला का गरम पाण्यानं धुतो." मी फोटो काढला. फोटोत काकू वाकलेल्या आहेत आणि तुम्ही मागे हसत उभे आहात. हा तुमचा माझ्याजवळचा शेवटचा फोटो आहे. गेले चाळीस दिवस मी तो उघडते तेव्हा तुमच्याकडे न पाहता त्या दोन पिवळ्या टोकांकडेच पाहते.

पोळा झाला. तुम्हाला वाटलं मी धुतलं असेल, कारण मी अमरावतीला, जवळ. मला वाटलं तुम्ही धुतलं असेल, कारण ते काम तुमचं. ताकाचा आंबटपणा असलेलं ते लोणी टोकांवर तसंच राहिलं, भादव्याच्या दमट हवेत.

त्यानंतर मी दोनदा शेतावर गेले. दुसऱ्या खेपेला पडद्यावर सरासरी बारा पॉइंट दोन होती. दुसऱ्या पानावर मी गंमत म्हणून एक आकडा ठेवला होता, गाडीचा मेंदू किती वेळा नव्यानं सुरू झाला त्याचा. तिथे एकोणीस दिसत होते. मी म्हटलं, "काकू, दिवसातून किती वेळा चालू-बंद करता हो याला?" काकू म्हणाल्या, "म्या तं सकाळी एकदाच चालू करते अन् काम झालं का बंद." चार दिवसांपूर्वी, पहिल्या खेपेला, मीच तो आकडा पुसून शून्यावर आणला होता. चार दिवसांत चार वेळा व्हायला हवा होता, आणि होता एकोणीस. हे गणित शाळेतलं पोर करतं, शकीलभाई. मी केलं नाही. काकूंना नीट आठवत नसेल, असं मनाशी म्हणून मी बसला निघाले.

आठवड्यानं तुमचा फोन आला. "मॅडम, काकू म्हणून राह्यल्या का फवाऱ्या मधूनच डोळे मिटते. एक खेप मिटते अन् लगेच उघडते." मी वर्गावरचा तास संपवून येत होते, दमले होते. म्हटलं, "शकीलभाई, सरासरी बारा पॉइंट दोन आहे. बॅटरी ठणठणीत आहे." मग म्हणालात, "बरं. जाऊन पाहतो." ते "बरं" माझ्या कानातून जात नाही. तुम्हाला पटलं नव्हतं, आणि तरी माझा मान ठेवून तुम्ही वाद घातला नाहीत. तुम्ही भांडायला हवं होतं. या एका गोष्टीसाठी मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे.

पुढचं सगळं दुपारी बाराच्या उन्हात झालं. तुम्ही पोचलात तेव्हा गाडी पिकाच्या तासात उभी होती आणि एक नोझल तुंबलं होतं. तुम्ही पंपाचं बटण दाबून पंप बंद केलात. चष्म्यावर वाफ धरत होती म्हणून तोंडावरचा रुमाल खाली ओढलात आणि नोझलपाशी वाकलात. फांदी आड येत होती. म्हणून म्हणालात, "काकू, दोन पावलं पुढं घ्या." काकूंनी रिमोटवरचं पुढे जायचं बटण दाबलं. आणि पंप सुरू झाला. दोनच सेकंद. तुमच्या तोंडावर, डोळ्यांत, उघड्या शर्टाच्या गळ्यात. तुम्ही कॅनच्या पाण्यानं तोंड धुतलंत, काकूंना म्हणालात काही नाही झालं, अर्धा तास आणखी काम केलंत, आणि बसनं अकोल्याला गेलात. शर्ट तोच होता. संध्याकाळी घाम सुटला, मग उलट्या. शमीमभाभींनी तुम्हाला रिक्षात घातलं तेव्हा तुम्ही त्यांना ओळखत होतात, पण भाभी तुम्हाला धूसर दिसत होत्या.

फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली घेऊन मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. तुम्हाला मध्ये थोडा वेळ बरं वाटलं, तेव्हा मी पलंगाजवळ होते. तुम्ही विचारलंत, "मशीनचे खांदे पुसले काय, मॅडम?" मी हो म्हणाले. पुसले नव्हते. तुम्हाला शांत करायला म्हणाले असं मी स्वतःला सांगितलं. पण तुम्ही माझ्याकडे इतकं नीट पाहिलंत की तुम्हाला सगळं कळलं होतं अशी माझी खात्री आहे. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

लोकांनी म्हटलं, फवारा लागला. त्या हंगामात हे दोन शब्द एवढे ऐकू येत होते की पुढे कुणी काही विचारत नसे. मलाही कुणी विचारलं नाही.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी मी एकटी शेतावर गेले. झाकण उघडलं. लोणी वाळलं होतं आणि त्याखाली दोन्ही टोकांवर हिरवा गंज चढला होता. नव्यानं सुरू झाल्याचा आकडा होता त्रेसष्ट. मग मी तुमचा बल्ब लावला. बल्ब लागताच गाडीचा मेंदू झोपला आणि काढताच जागा झाला. पडद्यावर बारा पॉइंट दोन. पडायच्या आधीचे आकडे चांगले होते, उठल्यानंतरचे चांगले होते, आणि मधला क्षण मी सरासरीत घेतलाच नव्हता, कारण तेव्हा मोजणाराच बेशुद्ध असायचा. त्याआधी किती दिवस तरी लहान लहान गचके येत असणार, एकेक खोल होत जाणारे. बझर त्यांच्यासाठीच होता. तो मी गप्प केला होता.

आणि पंप. ते बंद करायचं बटण पंपाची वायर तोडतच नव्हतं. ते फक्त माझ्या कोडला सांगायचं की पंप नको. झोपून उठल्यावर कोड ते विसरायचा आणि पहिल्या ओळीपासून सुरू करायचा. पहिल्या ओळीत मी लिहून ठेवलं होतं की सुरू होताच पंप दोन सेकंद चालव. कॉलेजात पाहुण्यांना दाखवताना फवारा लगेच उडाला की बरं दिसतं, म्हणून लिहिलं होतं. काढायचं राहिलं. त्या दिवशी काकूंनी योग्य तेच बटण दाबलं, चाकांनी विजेचा हिसका घेतला, गंजलेल्या टोकांतून ती आली नाही, मेंदू झोपला, उठला, आणि त्यानं माझी पहिली ओळ वाचली.

पंधरा दिवसांत मी सहाही गाड्या फिरून आले. ती ओळ काढली. पंपाला वायर तोडणारा खटका बसवला. आता सरासरीच्या शेजारी सर्वात खालचा आकडाही दिसतो, आणि बझर त्या खालच्या आकड्यावर वाजतो. एका शेतकऱ्यानं विचारलं, "पुन्हा काहून कोकलायले लावलं?" मी म्हटलं, सुधारणा केली. सहाही ठिकाणी हाच शब्द वापरला. मास्तरीण आहे, शब्द सापडतात.

सुमनकाकूंनाही मी तेच सांगितलं, आणि तिथे मी खरी पापी ठरले. कारण काकू रिमोटला हात लावत नव्हत्या. तो कपड्यात गुंडाळून देवळीत ठेवला होता. "माह्याच हातानं झालं, मॅडम," त्या म्हणाल्या. "म्या चुकून पंपाचं बटण दाबलं असन. नजर कमी झाली माही." मी त्यांच्यासमोर उभी होते आणि मला माहीत होतं की त्यांचं बोट चुकलं नव्हतं. मी म्हणाले, "काकू, असा विचार करू नका." म्हणजे काहीच म्हणाले नाही. ही गोष्ट गावात फिरली आणि अकोल्यापर्यंत पोचली, की चांदूर बाजारकडच्या एका बाईनं चुकीचं बटण दाबलं. मी ती फिरू दिली. महिनाभर.

आता कालचं.

काकू चाळीसाव्याला आपणहून निघाल्या. मला बडनेऱ्याच्या स्टँडवर भेटल्या, हातात पिशवी, पिशवीत घरची तूरडाळ. मूर्तिजापूर गेल्यावर एकदाच म्हणाल्या, "मले हाकललं तरी चालन. पण जा लागन नं." तुमच्या घरी कुराणखानी आटोपली होती, पंगत बसत होती. भाभींनी मला आत घेतलं. काकू उंबऱ्यापाशी चपला काढून उभ्या राहिल्या. भाभींनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि पाणी न देता तोंड फिरवलं. तुमच्या घरात मी पाण्यावाचून कुणाला उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. काकू तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या, पिशवी मांडीवर.

मी बोलले, शकीलभाई. तयारी काहीच नव्हती. म्हटलं, "भाभी, काकूंनी बरोबर बटण दाबलं होतं. पंप माझ्या कोडमुळे सुरू झाला. शकीलभाईंनी मला आधीच सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही." मग सगळं सांगितलं, सरासरी, बझर, ती पहिली ओळ, तुमचा फोन, तुमचं "बरं". दवाखान्यात खोटं बोलले तेही. बायका वाढता वाढता थांबल्या. टोकं धुवायची आम्ही दोघं विसरलो, एवढंच म्हटलं. त्यांवर काय होतं ते सांगितलं नाही. काकू समोर बसल्या होत्या. आवतणाला काय माहीत की खाली तांबं आहे. ते तेवढं माझ्याजवळ आणि तुमच्याजवळ राहू दे. बझर चालू असता तर त्या लोण्यानं फक्त एक दिवस आवाज केला असता.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. त्या हलकेच म्हणाल्या, "मंग एक महिना काहून नाई सांगतलं, बाई?"

भाभींनी माठातून तांब्या भरून काकूंना नेऊन दिला, हाताला धरून उठवलं आणि पंगतीत बसवलं. डाळीची पिशवी आत नेऊन ठेवली. परत आल्या तेव्हा मी दाराकडे निघाले होते.

"कुठं चालल्या?" त्यांनी विचारलं. "जेवून जा. माफीचं मले आज इचारू नका. उद्याही इचारू नका. पण त्यायच्या घरून उपाशी नाई जायचं."

खिडकीजवळची ती जागा, जिथे तुम्ही भिंतीला पाठ लावून बसायचे, तिथेच पान मांडलं होतं आणि तिथे कुणी बसत नव्हतं. भाभींनी मला तिथे बसवलं. सगळ्यांसमोर. समोर बसून त्या मला वाढत राहिल्या आणि मी पान स्वच्छ होईपर्यंत जेवले. माझ्यावरची नजर त्यांनी एकदाही काढली नाही.